तुटलेली केबल, 'नोगो' आणि पाठीच्या कण्यातली नस

रस्ता खोदताना जेसीबीचा दात लागला आणि केबल तुटली की काय होतं हे हॉस्टेलवाल्यांना वेगळं सांगायला नको. नेट बंद, फोन बंद आणि रेक्टर सरांच्या नावानं शंख! मग एक जॉइंटर येतो, खड्ड्यात बसतो, रंग बघून तारेला तार जोडतो आणि संध्याकाळपर्यंत सगळं पूर्ववत. मग मित्रहो, साधा प्रश्न असा, की माणसाच्या पाठीच्या कण्यातली केबल तुटली तर ती अशी का जोडता येत नाही? आज हृदय बदलता येतं, किडनी बदलता येते, तुटलेला हातसुद्धा परत जोडता येतो. मग कमरेखाली लुळा पडलेला माणूस आयुष्यभर खुर्चीतच का बसतो?

मी टीईचा, ईअँडटीसीचा विद्यार्थी. बायॉलॉजीशी माझा संबंध बारावीला सुटला. तरी गेल्या वर्षी घरच्या एका कारणानं (ते पुढे येईलच) मला हा विषय मुळापासून वाचावा लागला आणि वाचता वाचता लक्षात आलं, की हा विषय जितका डॉक्टरांचा आहे तितकाच आपलाही आहे. म्हणून हा लेखप्रपंच.

केबलची रचना

पाठीच्या कण्यातून जाणाऱ्या या केबलचं नाव मज्जारज्जू. लांबी साधारण ४५ सेंटिमीटर आणि जाडी आपल्या करंगळीएवढी. मणके म्हणजे तिच्याभोवतीचा कॉन्ड्युट पाइप. वरून खाली जाणारे तंतू स्नायूंना हुकूम पोचवतात, तर खालून वर जाणारे तंतू स्पर्श, वेदना, थंड-गरम यांची खबर मेंदूला देतात. आपल्या भाषेत अ‍ॅक्च्युएटर आणि सेन्सर, दोन्हींच्या लाइन्स एकाच केबलमध्ये! मेंदूकडून हालचालीचे हुकूम नेणाऱ्या मुख्य मार्गातच एकेका बाजूला दहा लाखांच्या घरात तंतू असतात.

यातला प्रत्येक तंतू म्हणजे एकाच चेतापेशीची लांबलचक शेपटी. तिला अ‍ॅक्सॉन म्हणतात. कमरेजवळच्या पेशीची शेपटी पार पावलापर्यंत, म्हणजे जवळजवळ एक मीटर जाते. पेशी स्वतः मात्र मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढी. समजा ही पेशी क्रिकेटच्या चेंडूएवढी मोठी केली, तर तिची शेपटी सव्वा-दीड किलोमीटर लांब होईल! म्हणजे चेंडू आपल्या ग्राउंडवर आणि शेपटीचं टोक स्टँडच्याही पलीकडे.

आता केबल आणि मज्जारज्जू यांतला मोठा फरक. तांब्याची तार तुटली तरी तिचे दोन्ही तुकडे तांबंच राहतात. अ‍ॅक्सॉन तुटला की पेशीपासून तुटलेला पुढचा भाग काही दिवसांत मरतो, कारण त्याचा सगळा शिधा मागून पेशीकडूनच येत असतो. त्यामुळे दोन टोकं अगदी बिनचूक जुळवली तरी उपयोग नाही. जिवंत टोकानं नव्यानं वाढत पुढे जायचं, मूळ ठिकाण शोधायचं आणि तिथे परत जोडणी करायची. जॉइंटरच्या भाषेत सांगायचं तर पुढची सगळी केबल नव्यानं ओढायची, तीही लाखो तारांची आणि एकीवरही नंबर लिहिलेला नाही!

शिवाय अपघातात मज्जारज्जू सुरीनं कापल्यासारखी क्वचितच तुटते. बहुतेक वेळा ती चेंगरते. मग रक्तस्राव, सूज, आणि पुढच्या काही तासांत-दिवसांत आजूबाजूच्या धडधाकट पेशीही मरायला लागतात. शेवटी मध्ये पाण्यानं भरलेली एक पोकळी आणि भोवती वण एवढंच उरतं.

हाताची नस वाढते, मग पाठीची का नाही?

काच लागून मनगटाची नस कापली आणि सर्जननं नीट शिवली, तर काही महिन्यांनी बोटांना परत संवेदना येऊ शकते. हातापायांतले तंतू दिवसाला साधारण १ मिलिमीटर या वेगानं वाढतात. ३० सेंटिमीटर जायला ३०० दिवस. गती गोगलगायीची, पण गाडी पोचते!

मेंदू आणि मज्जारज्जूत मात्र असं होत नाही हे फार जुन्या काळापासून माहीत होतं. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या एका इजिप्शियन वैद्यकीय पपायरसमध्ये मान मोडून हातपाय लुळे पडलेल्या रोग्याचं वर्णन आहे आणि पुढे शेरा असा, की यावर उपचार करू नये. स्पेनचे थोर शास्त्रज्ञ सांतियागो रामोन इ काहाल (१९०६ चं नोबेल) यांनी मायक्रोस्कोपखाली पाहिलं, की तुटलेले तंतू आधी थोडी धडपड करतात, छोटे कोंब फुटतात आणि मग थांबतात. १९१३-१४ साली त्यांनी यावर मोठा ग्रंथ लिहिला. निष्कर्ष निराशेचाच होता, पण त्यांनी पुढच्या पिढ्यांसाठी दार उघडं ठेवलं.

प्रश्न असा होता, की दोष कुणाचा? वाढण्याची ताकदच पेशीत नाही, की आजूबाजूची परिस्थिती तिला वाढू देत नाही? आपण फॉल्ट-फाइंडिंग करतो तसंच हे. मशिन चालत नाही, तर मोटर गेली की सप्लाय गेला?

१९८१ साली कॅनडातल्या माँट्रिअलमध्ये अल्बर्ट अग्वायो आणि सॅम्युअल डेव्हिड यांनी याची टेस्ट घेतली. उंदराच्या पायातल्या नसेचा तुकडा काढून त्यांनी मेंदूच्या खालच्या भागापासून मज्जारज्जूपर्यंत त्याचा पूल बांधला. आणि चमत्कार! जे तंतू कधीच वाढत नाहीत असं मानलं जात होतं, ते या पुलातून सुमारे ३ सेंटिमीटर वाढत गेले. पूल संपून परत मज्जारज्जूत शिरायची वेळ आली तेव्हा मात्र जेमतेम थोडं जाऊन थांबले. म्हणजे मोटर ठीक होती. गडबड रस्त्यात होती.

झुरिकचे श्वाब सर

इथे आपल्या गोष्टीचे नायक येतात, स्वित्झर्लंडचे न्यूरोसायंटिस्ट मार्टिन श्वाब. रस्त्यात नेमकं काय आहे? तंतूंना लागणारं पोषक द्रव्य तिथे कमी आहे, की वाढ अडवणारं काहीतरी जास्त आहे? त्या काळी बहुतेकांचा कल पहिल्या उत्तराकडे होता.

१९८५ साली श्वाब आणि हान्स थोएनेन यांनी जो प्रयोग प्रसिद्ध केला तो आपल्या प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये 'आदर्श प्रयोग' म्हणून चिकटवावा असा आहे. मध्ये चेतापेशी ठेवल्या. एका बाजूला पायातल्या नसेचा तुकडा, दुसऱ्या बाजूला डोळ्यामागच्या नसेचा तुकडा. (डोळ्याची नस ही मेंदूचाच भाग आहे.) आणि पोषक द्रव्य दोन्ही बाजूंना मुबलक. सगळं सारखं, फरक फक्त एकाच गोष्टीत. काही दिवसांनी बघितलं तर पायाच्या नसेत भरपूर तंतू शिरलेले आणि डोळ्याच्या नसेत जवळजवळ नाहीतच. म्हणजे पोषणाची कमतरता हे कारण बाद. मेंदूच्या भागात काहीतरी 'अडवणारं' आहे!

ते काय असेल? तंतूंभोवती मायलिन नावाचं चरबीयुक्त वेष्टन असतं. आपल्या वायरवरचं इन्सुलेशन समजा. हातापायांत हे वेष्टन 'श्वान' नावाच्या पेशी बनवतात. (इथे दोन घोटाळे टाळा. हे श्वान म्हणजे कुत्रे नव्हेत, थिओडोर श्वान या जर्मन शास्त्रज्ञाचं ते नाव. आणि आपले श्वाब सर वेगळे!) मेंदूत आणि मज्जारज्जूत हे काम वेगळ्या पेशी करतात. १९८८ साली श्वाब आणि पिको कारोनी यांनी दाखवलं, की मेंदूकडच्या या मायलिनमध्ये तंतूंची वाढ रोखणारी प्रथिनं आहेत. त्यांना निष्प्रभ करणारी अँटिबॉडीही त्यांनी तयार केली.

१९९० साली लिसा श्नेल आणि श्वाब यांनी ही अँटिबॉडी मज्जारज्जू कापलेल्या लहान उंदरांवर वापरली. ज्यांना ती मिळाली नव्हती त्यांच्यात तंतू १ मिलिमीटरच्या पुढे गेले नाहीत. ज्यांना मिळाली त्यांच्यात दोन-तीन आठवड्यांत काही तंतू ७ ते ११ मिलिमीटर पुढे गेले. सगळे नव्हेत, थोडेच. पण 'अशक्य' हा शब्द पुसायला तेवढे पुरेसे होते.

२००० साली त्या प्रथिनाचं जीन सापडलं. एकाच वेळी तीन वेगवेगळ्या गटांना! नाव ठेवलं 'नोगो', म्हणजे सरळ 'पुढे जाऊ नका'. नावातच नो एन्ट्रीची पाटी. वाढणाऱ्या तंतूचं टोक पंजासारखं पसरलेलं असतं आणि चाचपडत पुढे सरकतं. नोगोचा स्पर्श झाला की तो पंजा लाजाळूच्या पानासारखा मिटतो.

तुम्ही म्हणाल, निसर्गानं असा आडमुठा ब्रेक ठेवलाच कशाला? श्वाब यांचं म्हणणं असं, की मोठ्या झालेल्या मेंदूतल्या अब्जावधी जोडण्या स्थिर राहायला हव्यात. वायरिंग पूर्ण झाल्यावर कुणीही येऊन नवीन तारा ओढू लागला तर इमारतीचं काय होईल? ब्रेक रोजच्या कामासाठी चांगला आहे. अपघातानंतर मात्र तोच आडवा येतो.

प्रयोग म्हटला की व्हायवा आलाच

इथपर्यंत वाचून वाटेल, की झालं, औषध सापडलं! पण विज्ञानात एक्स्टर्नल एग्झामिनर फार कडक असतो. २००३ साली तीन प्रयोगशाळांनी नोगो नसलेले उंदीर तयार केले आणि निकाल एकाच नियतकालिकात एकाच वेळी छापले. एकीला तंतूंची चांगली वाढ दिसली, दुसरीला थोडी, तिसरीला दिसलीच नाही! तात्पर्य असं, की नोगो हा एकमेव खलनायक नाही. जखमेभोवतीच्या वणातही वाढ अडवणारे रेणू आहेत. २००२ साली लंडनच्या एलिझाबेथ ब्रॅडबरी आणि सहकाऱ्यांनी ते रेणू कापणारं एन्झाइम वापरून उंदरांत सुधारणा दाखवली. शिवाय वय वाढलं की पेशीची स्वतःची वाढण्याची इच्छाही मंदावते. झिगांग हे यांच्या गटानं २००८ आणि २०१० साली पेशीच्या आतला 'पीटेन' नावाचा ब्रेक काढून दाखवला आणि तंतू जोमानं वाढले. पण हाच पीटेन कॅन्सरलाही आवर घालतो, त्यामुळे तो माणसात सरसकट काढून टाकणं परवडणारं नाही. एका कुलपाला चार किल्ल्या, आणि चारही एकदम फिरवायच्या, असं हे प्रकरण आहे.

श्वाब मात्र चिकाटीनं पुढे जात राहिले. २००६ साली माकडांमध्ये हाताच्या बोटांचं कौशल्य सुधारल्याचे निकाल आले. त्याच वर्षी माणसांवर पहिली चाचणी सुरू झाली. ५२ रुग्ण, उद्देश फक्त औषध सुरक्षित आहे का हे पाहण्याचा. तो टप्पा पार पडला. मग २०१९ ते २०२२ या काळात युरोपात मोठी चाचणी झाली. मानेत नुकतीच इजा झालेले सव्वाशेच्या आसपास रुग्ण. काहींना अँटिबॉडी, काहींना नुसतं औषधासारखं दिसणारं पाणी, आणि कुणाला काय दिलं हे ना रुग्णाला माहीत ना तपासणाऱ्याला.

निकाल २०२४ च्या शेवटी आला. सगळ्या रुग्णांचा एकत्र विचार केला तर हातांच्या ताकदीत दोन गटांमध्ये ठोस फरक दिसला नाही. ज्यांची इजा अपुरी होती, म्हणजे थोडे तंतू शाबूत होते, त्यांच्यात फायद्याची चिन्हं दिसली. त्यांच्यावर पुढचा अभ्यास व्हायला हवा. १९८५ ते २०२४, जवळजवळ चाळीस वर्षं! आपण एका सेमिस्टरला कंटाळतो.

इंजिनिअर लोकांची एन्ट्री

केबल जोडता येत नसेल तर बायपास करता येईल का? हा विचार आपल्या जातकुळीचा. लोझानच्या ग्रेगॉर कूर्तीन यांनी आधी गणित-भौतिकशास्त्र शिकून मग न्यूरोसायन्स घेतलं. त्यांच्या आणि न्यूरोसर्जन जोसलीन ब्लॉक यांच्या गटाचा मुद्दा असा, की इजेच्या खाली असलेलं मज्जारज्जूतलं चालण्याचं सर्किट बहुतेक वेळा शाबूत असतं, त्याला फक्त सिग्नल मिळत नाही. त्यांनी मज्जारज्जूवर इलेक्ट्रोड बसवून पावलाच्या लयीत विजेचे पल्स दिले. २०१८ साली अशा तीन रुग्णांचे निकाल प्रसिद्ध झाले. बरीच वर्षं पक्षाघात असलेले हे रुग्ण सरावानंतर आधार घेऊन चालू लागले. २०२३ साली त्याच्याही पुढचं पाऊल. सायकल अपघातात दशकाहून अधिक काळापूर्वी जायबंदी झालेल्या एका डच रुग्णाच्या मेंदूवर सेन्सर बसवले, त्यांचे सिग्नल कॉम्प्युटरनं वाचले आणि वायरलेसनं मज्जारज्जूवरच्या इलेक्ट्रोडला दिले. म्हणजे 'चालायचं' असा विचार त्यानं करायचा आणि पाय हलायचे! तो पायऱ्याही चढला. विशेष म्हणजे सरावामुळे यंत्र बंद असतानाही कुबड्या घेऊन काही पावलं टाकता येऊ लागली. सिग्नल प्रोसेसिंग, पॅटर्न रेकग्निशन, एम्बेडेड... आपला अख्खा सिलॅबस तिथे कामाला लागलाय!

पण हे एका रुग्णावरचं काम आहे हे विसरू नये. बाजारात जाऊन विकत घ्यावी अशी ही वस्तू अजून नाही.

हे सगळं मी का वाचलं

माझे मामा कोकणात असतात. दोन वर्षांपूर्वी आंबे उतरवताना फांदी मोडली आणि ते पाठीवर पडले. डी-१० ला इजा, कमरेखाली संवेदना नाही, लघवीवर ताबा नाही. ऑपरेशन झालं, मणके स्क्रूनं पक्के केले, पण पाय आले नाहीत. गेल्या वर्षी कुणीतरी एका क्लिनिकचं पत्रक आणून दिलं. स्टेम सेलची चार इंजेक्शनं, एकेकाचे दीड लाख, आणि खाली चालणाऱ्या पेशंटचे फोटो. घरात बागेचा एक तुकडा विकायची बोलणी सुरू झाली. मामी मला फोनवर म्हणाल्या, "अरे, तू इंजिनिअर होतोयस ना? मग यातलं खरं काय नि खोटं काय ते तूच बघून सांग."

मी वर लिहिलेलं सगळं वाचलं आणि मग त्या क्लिनिकला फोन करून तीन प्रश्न विचारले. ही ट्रायल सरकारी नोंदणीत आहे का? असल्यास नंबर काय? औषध न दिलेल्या रुग्णांशी तुलना केली आहे का? पलीकडून उत्तर आलं, "ते सगळं डॉक्टर सांगतील, तुम्ही आधी अ‍ॅडव्हान्स भरा." आपल्याकडे आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या काही आजारांसारखे मोजके अपवाद सोडले तर स्टेम सेल हा मान्यताप्राप्त उपचार नाही. तो फक्त मंजुरी घेतलेल्या चाचणीतच करता येतो. आणि जो स्वतः प्रयोगात भाग घेतो त्याच्याकडून उपचाराचे पैसे घ्यायचे नसतात.

तुलनेच्या गटाचा मुद्दा मी घरी असा समजावला. इजा अपुरी असेल तर पहिल्या वर्षात काही रुग्ण आपोआपही सुधारतात. त्या काळात इंजेक्शन घेतलं तर श्रेय इंजेक्शनला जातं, फोटो पत्रकावर छापला जातो. श्वाब सरांनी चाळीस वर्षं काम करून, अर्ध्या जगाला तपासू देऊन, शेवटी 'मुख्य फरक दिसला नाही' हे प्रामाणिकपणे छापलं. आणि इथे फोनवर अ‍ॅडव्हान्स मागतात!

मामी बराच वेळ गप्प होत्या. बोलले ते मामा. म्हणाले, "संडासात खुर्ची जात नाही. आधी त्याचं बघा." मग दोन फुटांचा दरवाजा तीन फुटांचा केला, पायरीच्या जागी उतार केला, हातानं धरायला पाइप लावले आणि खुर्चीला चांगली गादी आणली. बाग शाबूत आहे. हिशेबाची वही अजून मामांकडेच असते.

नंतर वाचनात आलं, की २००४ साली अमेरिकेतल्या किम अँडरसन या संशोधिकेनं अशा शेकडो रुग्णांनाच विचारलं होतं, तुम्हाला सर्वांत आधी काय परत हवं? मानेत इजा झालेल्यांनी हात मागितले. इतरांच्या यादीत लैंगिक जीवन, लघवी-संडासवरचा ताबा या गोष्टी वरच्या नंबरांवर होत्या. 'चालणं' सगळ्यांच्या यादीत पहिलं नव्हतं! आपण बाहेरून बघणारे मात्र पायांकडेच बघतो.

आपल्या हातात काय आहे?

पहिली गोष्ट, इजा होऊ न देणं आणि झालेली वाढू न देणं. ट्रिपल सीट, रात्रीचं हायवेवरचं चहासाठीचं भटकणं, पावसाळी सहलीत खोली न बघता डोहात किंवा विहिरीत मारलेला सूर, ही सगळी मान मोडायची हमखास ठिकाणं आहेत. अपघात झालाच तर माणसाला हातपाय धरून उचलू नका, बसवू नका, पाणी पाजू नका, हेल्मेट खेचून काढू नका. आग, चालती वाहनं असा धोका नसेल तर आहे तिथेच राहू द्या. डोकं दोन्ही हातांनी स्थिर धरा, श्वास चालू आहे ना ते बघा आणि १०८ ला फोन करा. हलवावंच लागलं तर तीन-चार जणांनी डोकं, मान, पाठ एका रेषेत ठेवून ओंडका फिरवावा तसं एकदम फिरवायचं.

दुसरी गोष्ट आपल्या धंद्यातली. अशा रुग्णाला मोठा धोका असतो तो बसून-झोपून होणाऱ्या जखमांचा. संवेदनाच नाही, त्यामुळे टोचतंय हे कळत नाही. झोपलेलं असताना दर दोन तासांनी कूस बदलायची, बसलेलं असताना दर पंधरा-वीस मिनिटांनी वजन हलवायचं. खुर्चीच्या गादीत प्रेशर सेन्सर, एक मायक्रोकंट्रोलर आणि एक बझर एवढ्यातही कामाचं उपकरण होऊ शकतं. बीईच्या प्रोजेक्टला दरवर्षी तीच लाइन फॉलोअर गाडी करण्यापेक्षा हे वाईट आहे का? आयआयटी मद्रासच्या गटानं २०१९ साली उभं राहता येणारी व्हीलचेअर बाजारात आणली, ती अशाच एका प्रयोगशाळेतून.

आणि उमेद हवी असेल तर सांगली जिल्ह्यातल्या मुरलीकांत पेटकरांचं नाव लक्षात ठेवा. लष्कराच्या ईएमई विभागातले हे जवान १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली जायबंदी झाले आणि १९७२ साली हायडेलबर्गला पोहण्यात भारताचं पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण घेऊन आले. तेव्हा नोगोचं नावही कुणाला ठाऊक नव्हतं.

जाता जाता एकच काम सुचवतो. उद्या लेक्चरला जाताना एकदा मोजा, की हॉस्टेलच्या गेटपासून आपल्या वर्गापर्यंत व्हीलचेअरवरच्या मुलाला किती पायऱ्या लागतील. मी मोजल्या, सत्तावीस निघाल्या. लायब्ररीच्या आणखी नऊ. सिव्हिलवाल्यांनो, उताराचं ड्रॉइंग कधी देताय?